आईला ‘आयुष्याबद्दल सांग’ म्हणू नका, ‘खडी फोडताना शेजारी कोण बसायचं’ ते विचारा

भाऊ, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. उत्तर लांबेल, सवडीनं वाचा.

आधी तुमचं म्हणणं माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट समजलंय का ते तुम्हालाही कळेल. आई ७६ वर्षांची. माहेर-सासर दोन्ही अमळनेर-पारोळ्याच्या पट्ट्यातलं, बोरी नदीच्या काठचं. दोन वर्षांपूर्वी वडील गेले, गावच्या घराला कुलूप लावून तुम्ही आईला पुण्याला आणलं. ती जेवतेखाते, पण बसून असते. काही विचारलं की म्हणते, “सांगाजोगं काय शे मन्हा जिनगीमा?” आयुष्याची गोष्ट सांगितली की म्हाताऱ्या माणसांना आयुष्याचा अर्थ सापडतो असं तुमच्या वाचनात आलं. म्हणून तुम्ही वही आणून दिली, ती कोरीच राहिली. रविवारी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून “आई, तुझ्या आयुष्याबद्दल सांग” म्हणालात, पाच मिनिटांत तिनं “झालं” म्हटलं.

एक गोष्ट मात्र ती कुणी न विचारता सांगत असते. बाहत्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, सहा महिन्यांचं पोर झोळीत असायचं, पोराला पाजायला उठली म्हणून मुकादमानं अर्धी हजेरी कापली, आणि त्याच महिन्यात माहेरची पाटली विकून घरात ज्वारी आली. शेवट ठरलेला: “पाटली गई ती गईच.” तुमची मुलं आता ही गोष्ट सुरू झाली की उठून जातात. तुमचा प्रश्न असा, की गोष्टींनी आणि आठवणींनी आयुष्याला खरंच अर्थ येतो, की हे नुसतं पुस्तकी बोलणं आहे? आणि येत असेल तर आमच्या घरात का जमत नाही?

मी धुळ्यात २६ वर्षं समुपदेशनाचं काम करते. गेली १५ वर्षं माझ्याकडे येणारे बहुतेक लोक साठीच्या पुढचे आहेत. डॉक्टर नाही, म्हणून पहिली गोष्ट ही, की आईचं गप्प बसणं कशामुळे आहे ते न पाहता मी गोष्टींचा उपाय सुचवणार नाही. कानांची तपासणी झाली आहे का? गावात ओसरीवर बसून समोरासमोर बोलणारी बाई शहरातल्या बंद खोलीत, टीव्हीच्या आवाजात, निम्मं ऐकूच शकत नाही, आणि लाजेनं ते सांगतही नाही. ऐकू येत नसलेल्या माणसाला घरचे लोक ‘आई हल्ली गप्प असते’ म्हणतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिल्या भेटीत कानच विचारते. मग झोप, भूक, वजन. नावं विसरणं, स्वयंपाकात क्रम चुकणं असं काही आहे का. रक्तात बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. ती ‘आता नको जगणं’ अशा अर्थाचं बोलत असेल तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथं मराठीत बोलता येतं. हे सगळं ठीक असेल असं धरून पुढचं लिहिते. तसं नसेल तर पुढचं नंतर.

आता मूळ प्रश्न. तुम्ही आईला गोष्ट विचारायला बसलात खरे, पण विचारला हिशेब. “आयुष्याबद्दल सांग” म्हटलं की माणूस बेरीज करायला लागतो: काय मिळवलं, काय बांधलं, कुठे पोचलो. आणि आईची बेरीज कुठल्या कागदावर आहे? सातबाऱ्यावर नाव आधी आजोबांचं, मग वडिलांचं. घर वडिलांनी बांधलं असं गाव म्हणतं. तिनं केलेलं काम त्याच दिवशी संपणारं. सकाळी थापलेली भाकरी संध्याकाळपर्यंत खाऊन झालेली असते, सारवलेलं अंगण आठ दिवसांत पुन्हा सारवायला येतं. अशा बाईला तुम्ही बेरीज विचारलीत तर ती शून्यच सांगणार, आणि त्यात ती खोटं बोलत नाही. तिच्यासमोर जो हिशेब ठेवला त्यात तिचा रकानाच नाही.

धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. राजवाड्यांनी गावोगावचे वाडे पालथे घालून जुन्या कागदांचे रुमाल गोळा केले, आणि १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते धुळ्यातच वारले. त्या मंडळात मी गेले की मला नेहमी वाटतं, ज्यांच्या घरात दप्तर होतं त्यांची आठवण कपाटात तरी राहिली. तुमच्या आईचं दप्तर तिच्या हातांत आणि तोंडात आहे. ते उघडायची तऱ्हा वेगळी आहे.

ही तऱ्हा समजायला आठवण कशी चालते ते थोडं पाहू. आठवण काढणं म्हणजे कपाटातली वस्तू जशीच्या तशी काढणं असं आपण धरून चालतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच दाखवलं होतं की तसं होत नाही. त्यांनी इंग्लंडमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर पुन्हा पुन्हा आठवून सांगायला लावली. दर वेळी लोक ती आपल्या ओळखीच्या जगासारखी करत गेले, अनोळखी तपशील गळाले, ओळखीचे शिरले. माणूस दर वेळी आठवण नव्यानं बांधतो. बांधायला सामान लागतं, आणि ते सामान असतं एखादी जागा, वास, हाताची हालचाल, समोर बसलेलं माणूस. “आयुष्य” या शब्दात यातलं काहीच नाही. म्हणून आई पाच मिनिटांत थांबली.

दुसरं असं, की वयस्क माणसाला दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत जास्त आणि ठळक येतात. हे अनेक देशांत तपासून झालंय. तुमच्या आईची ती वर्षं म्हणजे लग्न, सासर, दुष्काळ, पहिलं मूल. ती बाहत्तरमध्ये अडकलीय असं तुम्हाला वाटतं, पण त्या वयाच्या माणसाचं मन साहजिकच तिथं जातं. आणि म्हाताऱ्यांनी मागचं उगाळत बसणं म्हणजे डोकं चालेनासं झाल्याची खूण, असं एके काळी डॉक्टरही मानत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली एका लेखात ठामपणे उलट मांडलं: शेवट जवळ आल्याची जाणीव झाली की माणूस मागचं आयुष्य पुन्हा पाहतो, न मिटलेली भांडणं, न बोललेले शब्द वर येतात, आणि हे त्या वयाचं स्वाभाविक काम आहे. त्यांनी हेही लिहिलं की हे काम दर वेळी शांतीकडेच जातं असं नाही, काहींना त्यातून पश्चात्ताप आणि भीतीही येते. हा दुसरा भाग लोक सोडून देतात. मी सोडत नाही.

आता त्या एकाच गोष्टीकडे येते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं तेच वाटलं. माझा अनुभव असा, की माणूस जी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो ती त्याच्या लेखी अजून पूर्ण झालेली नसते. कुणीतरी काहीतरी विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही, अशी एक जागा तिच्यात असते. ऐकणारे शेवट माहीत आहे म्हणून उठून जातात, आणि सांगणारा त्या जागेपाशी पुन्हा एकटाच उरतो.

धुळ्यातल्या एका कापड गिरणीत तीस वर्षं साच्यावर काम केलेले एक आजोबा माझ्याकडे यायचे. त्यांचीही एकच गोष्ट. भोंगा, पाळी, सोबत्यांची नावं, पहिल्या पगाराचं लुगडं, असं रंगत रंगत जाऊन शेवटी: “एक दिवस गेटवर नोटीस लागली. संपलं.” सुनेला पाठ झाली होती, मलाही झाली. एकदा मी विचारलं, “दुसऱ्या दिवशी सकाळी किती वाजता उठलात?” ते थबकले. म्हणाले, “साडेपाचला. भोंगा नव्हता, पण डोळे उघडलेच.” मग? मग डबा घेतला आणि घरातून निघाले, कारण बायकोला सांगायचा धीर झाला नव्हता. पांझरेच्या काठी दिवसभर बसले. असे अकरा दिवस. हे त्यांनी आयुष्यात कुणालाच सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी मी आजींनाही बोलावलं आणि आजोबांना त्यांच्यासमोर ते सांगायला लावलं. आजी शांतपणे म्हणाल्या, “मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. शेजारीण सांगून गेली. चौथ्या दिवसापासून मी डब्यात एक भाकर जास्त घालत होते, नदीवर बसून भूक लागत असेल म्हणून.” आजोबा किती तरी वेळ काही बोलले नाहीत. त्यानंतर ती गोष्ट त्यांनी पुष्कळ वेळा सांगितली, पण तिचा शेवट नोटिशीवर व्हायचा थांबला. ती डब्यातल्या जास्तीच्या भाकरीपर्यंत जायला लागली.

गिरणी बंद पडायची ती पडलीच होती. पैसे गेले ते गेले. मी त्यांना ‘चांगलं बघा’ असंही कधी म्हटलं नाही, मला ते बोलणं क्रूर वाटतं. फक्त गोष्ट जिथं तोडली जात होती तिथून ती चार पावलं पुढं नेली. डॅन मॅकअ‍ॅडम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी शेकडो लोकांच्या जीवनकथा अभ्यासल्या. काहींच्या गोष्टीत चांगलं चाललेलं वाईटावर जाऊन थांबतं, काहींच्या गोष्टीत वाईटातून काहीतरी हाती लागतं, आणि दुसऱ्या तऱ्हेनं सांगणारे सहसा जास्त समाधानी आढळतात. पण त्यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे सांगणं अवघड आहे. आणि प्रत्येक दुःखातून काही हाती लागतंच असं मी मानत नाही. काही नुकसान निव्वळ नुकसान असतं. तिथं ऐकणाऱ्यानं गोड शेवट जोडायला जाऊ नये.

भाऊ, आता एक गोष्ट जरा सरळ बोलते. तुम्ही पत्रात कंसात लिहिलंय की झोळीतलं ते पोर म्हणजे तुम्हीच. इतक्या वर्षांत तुम्ही ही गोष्ट पाटलीची म्हणून ऐकत आलात. मला ती वाचताना वाटलं, ही गोष्ट ती तुम्हाला सांगतेय. तुम्हाला पाजायला ती उठली आणि तिची अर्धी मजुरी गेली. माझा अंदाज चुकीचा असू शकतो, मी तिला भेटलेले नाही. पण तुमच्या संबंध पत्रात एकदाही असं आलेलं नाही की “मी तिला विचारलं, तेव्हा मी रडत होतो का गं?”

विचारून बघा. आणि आणखी काही असेच लहान प्रश्न. खडी फोडताना शेजारी कोण बसायचं? हातोडा घरचा होता की कामावर मिळायचा? झोळी कशाला बांधलेली असायची, बाभळीला की तिकाटण्याला? सुकडी (दुष्काळी कामावर वाटायचा तो खाऊ) मिळायची का, आणि ती तिथंच खायची की घरी आणायची? मिलोची, म्हणजे त्या परदेशी लाल ज्वारीची, भाकरी पहिल्यांदा थापली तेव्हा घरात कोण काय म्हणालं? पाटली सोनाराकडे कोण घेऊन गेलं, ती स्वतः की वडील? त्या रात्री वडील काही बोलले का? हा शेवटचा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नका. तो महिना-दोन महिन्यांनी, ती स्वतः त्या दारापाशी येईल तेव्हा.

यातले तीन प्रश्नसुद्धा एका दिवशी जास्त होतात. आणि ते समोर बसवून विचारायचे नाहीत. आईच्या हाताला काम द्या. तुरीच्या शेंगा सोलायच्या असतील, गहू निवडायचे असतील, भरिताची वांगी भाजायची असतील. पुण्यात खापर मिळालं नाही तर गावाहून आणा आणि तिला एकदा मांडे करू द्या, तुमच्या बायकोनं शेजारी बसून पुरण भरावं. हात चालू झाले की तोंड चालू होतं, हे आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. जात्यावर बसल्याशिवाय ओवी सुचत नाही म्हणणाऱ्या किती तरी आज्या मी पाहिल्या. मोबाईलवर आवाज टिपायचा असेल तर तिला विचारून टिपा, आणि फोन पालथा ठेवून विसरून जा. वीस मिनिटं पुष्कळ झाली. वही तिच्या हातात देऊ नका. चौथी शिकलेल्या बाईला वही दिली की ती परीक्षेला बसते. वही तुम्ही ठेवा.

भाषेबद्दल दोन शब्द, कारण हे आपल्या खानदेशी घरांत हमखास बिघडतं. तुम्ही लिहिलंय की नातवंडांना समजावं म्हणून तुम्ही आईला “शुद्ध मराठीत सांग” म्हणता. नका म्हणू. अहिराणीत ती बाई आहे. शुद्ध मराठीत ती तलाठ्यापुढे उभी असलेली अर्जदार होते. ज्या भाषेत दुष्काळ सोसला त्याच भाषेत त्याचे शब्द आहेत. मुलांना निम्मं कळणार नाही. न कळलेला शब्द त्यांनी विचारावा, तिनं सांगावा. आजी पहिल्यांदा शिकवणारी होईल आणि मुलं शिकणारी. मला तर वाटतं, तुमच्या घरात या एवढ्या बदलानंच बरंच काही हलेल.

जळगावच्या बहिणाबाई चौधरींचं उदाहरण आपल्याकडे सगळेच देतात, मी ते जरा वेगळ्या कारणासाठी देते. त्या निरक्षर होत्या. घर आणि शेत करता करता गाणी रचत होत्या, कुणी टिपून घेईल म्हणून नव्हे. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी गाण्यांचं पुस्तक आलं ते घरात कुणीतरी ती कागदावर उतरवून ठेवली होती म्हणून. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, त्याला आईच्या बोलण्याचं मोल कळलं. म्हणजे अर्थ त्या गाण्यांत आधीपासून होता, पण तो दुसऱ्यापर्यंत पोचायला ऐकणारा कान लागला. तुमची आई बहिणाबाई नाही आणि तिनं ते असायची गरजही नाही. कान मात्र तुमच्या घरात आहे.

मुलांचं काय, असा पुढचा प्रश्न येईल. त्यांना बळंच बसवू नका. अमेरिकेत मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या दोघांनी मुलांना घराण्याबद्दल वीस साधे प्रश्न विचारले: आईवडिलांची भेट कशी झाली ठाऊक आहे का, आजी कुठे वाढली, घरावर कुठलं संकट आलं होतं, अशा धर्तीचे. ज्या मुलांना जास्त उत्तरं ठाऊक होती त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त दिसला. पण ड्यूक यांनी स्वतःच बजावलंय की उत्तरं पाठ करून घेऊन काही व्हायचं नाही. ज्या घरात माणसं एकत्र बसून, जेवता-जेवता, पुन्हा पुन्हा बोलतात, तिथंच ती उत्तरं मुलांपर्यंत झिरपतात. तेव्हा मुलांना आजीच्या गोष्टीचं ऐकणं काम म्हणून देण्यापेक्षा गोष्टीलाच काम द्या. मुलीची परीक्षा बिघडली, मुलाची नोकरी गेली, कुणी खचून बसलंय, अशा दिवशी आजीला म्हणा, “तू अर्धी हजेरी कापल्यावर दुसऱ्या दिवशी परत कामावर कशी गं गेलीस?” त्या दिवशी कुणी उठून जाणार नाही.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, तुमच्याकडून होऊ नये म्हणून. सुरुवातीच्या वर्षांत मला वाटायचं की मनातलं सगळं बाहेर आलं की माणूस हलका होतो. एका बाईंचं लहान मूल चाळीस वर्षांपूर्वी गेलं होतं. त्या विषय टाळत होत्या, मी हळूहळू तिथंच नेत राहिले. एका दुपारी त्यांनी सगळं सांगितलं. मला वाटलं, केवढं मोठं काम झालं. त्यानंतर चार रात्री त्या झोपल्या नाहीत आणि पुन्हा माझ्याकडे आल्या नाहीत. त्यांनी ते दार चाळीस वर्षं लावून ठेवलं होतं, आणि लावून ठेवून संसार नीट केला होता. ते त्यांचं शहाणपण होतं, मी ते आजार समजले. तेव्हापासून मी एक नियम पाळते: कडी सांगणाऱ्याच्या हातात. आई थांबली की थांबा. विषय बदलला की तुम्हीही बदला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तर घाबरून “जाऊ दे, जाऊ दे” म्हणू नका, आणि “अजून सांग” असंही नको. नुसतं बसून राहा.

आणि तिला दुरुस्त करू नका. बाहत्तर की त्र्याहत्तर, पाटली दोन तोळ्यांची की अडीच, यावरून तुमचे काका किंवा मावशी वाद घालतील. दोघांच्या गोष्टी वेगळ्या निघतील. निघू द्या, दोन्ही लिहून ठेवा. एवढंच बघा, की गोष्टीत जिवंत माणसावर एखादा गंभीर आरोप असेल तर तो मुलांसमोर पसरू नये. तेवढी जबाबदारी ऐकणाऱ्यावर येतेच.

तर, अर्थ येतो का खरंच? मी प्रामाणिकपणे सांगते, प्रत्येकाला गोष्टीतूनच येतो असं नाही. गेलन स्ट्रॉसन नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञांनी २००४ साली याच समजुतीवर हरकत घेतली: काही माणसं आयुष्य गोष्टीसारखं जगतच नाहीत, आणि तरी चांगलं, भरलेलं जगतात. मला ते पटतं, कारण अशी माणसं मी पाहिली आहेत. माझे सासरे तसेच. मागचं कधी बोलले नाहीत. पहाटे उठून बैलाला चारा घालण्यात आणि संध्याकाळी मंदिरात टाळ धरण्यात ते पुरते होते. त्यांना कुणी जीवनकथा विचारली असती तर त्यांनी हात जोडले असते. तुमची आई तशी असती तर मी म्हटलं असतं, तिला पुण्यात एखादं भजनी मंडळ शोधून द्या आणि बाकी विसरा. पण तुमची आई न विचारता सांगते. जिला सांगायचंच नाही ती महिन्यातून दहा वेळा तीच गोष्ट काढत नाही.

माझ्या कामातून मला जे दिसलं ते इतकंच: घडलेली गोष्ट एकटीच मनात फिरत राहिली तर ती जखमेसारखी राहते. दुसऱ्या कुणाला ती हवी आहे असं कळलं की तिच्यात जागा निर्माण होते, त्या जागेत आणखी माणसं येऊन बसतात, नवरा, शेजारीण, मुकादम, झोळीतलं पोर. अर्थ म्हणतात तो मला या दाटीत दिसतो.

आणि एक माहिती तिला नक्की सांगा, कारण मी ती ज्या ज्या बायांना सांगितली त्या सावरून बसल्या. बाहत्तरच्या दुष्काळात अशा लाखो बायाबापड्यांनी रस्त्यांवर, पाझर तलावांवर काम केलं. त्याच कामांच्या अनुभवातून महाराष्ट्रानं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, आणि २००५ साली सबंध देशासाठी जो कायदा झाला तो याच वाटेनं आला. तिची कापलेली अर्धी हजेरी कुणी परत करणार नाही. पण तिनं फोडलेली खडी कुठल्या तरी रस्त्याखाली आहे.

तो रस्ता कुठला, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर येत्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आईला घेऊन गावी जा. घर उघडा, उंबरठा सारवा, घागर भरा, वर डांगर (खरबूज) ठेवा. आपल्याकडे त्या सकाळी उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवत गेलेल्यांची नावं घेतात. या वेळी बोटं आईला उमटवू द्या. वडिलांचं नाव येईल, आजी-आजोबांचं येईल. ते झालं की विचारा, खडी फोडताना शेजारी बसणारी ती बाई आहे का अजून, की तिचंही बोट उमटवायचं. आणि परत निघताना गाडी त्या रस्त्यानं घ्या. आई पुढच्या सीटवर, खिडकी उघडी. तिनं “थांब” म्हटलं तर थांबा.